धावण्याचे बूट

धावण्याचे बूट : धावण्याच्या शर्यती व सराव यांसाठी खास बनविलेली पादत्राणे. धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. हा आघात काही अंशी सोसणे आणि पाय घसरू न देणे, ही या बुटांची दोन प्रमुख कार्ये होत. त्यांपैकी कोणत्या कार्यास अधिक महत्त्व द्यावयाचे, हे पृष्ठभागावर अवलंबून असते. पृष्ठभाग जितका कठीण, तितका बुटाचा तळ जाड व मऊ हवा; तो जितका सैल वा निसरडा, तितकी तळाची पकड अधिक हवी, असे स्थूलमानाने म्हणता येते.

महाराष्ट्रात अनवाणी धावण्याची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ मधील क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले व त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठविण्यात आले. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने १९६० मध्ये रोम येथे अनवाणी व १९६४ मध्ये टोकिओ येथे बूट घालून मॅरेथॉन जिंकली. बुटाने धावपटू घडत नाही. मात्र पायाला सवय नसलेल्या पृष्ठभागावर अयोग्य बूट घालून केलेला सराव इजेस कारणीभूत ठरू शकतो.

पृष्ठभागानुसार निवड : डांबरी रस्ता कठीण असतो व सिमेंटचा त्याहूनही कठीण. या दोहोंसाठी फेसासारख्या हलक्या, लवचिक पदार्थाचा जाड मधला तळ व झिजेस टिकणारा रबरी बाह्यतळ असलेले बूट योग्य होत. मुरमाच्या मैदानावर बारीक खडी पायाखाली सरकते. तेथे तळावर आखूड व दाट उंचवटे असावेत. हिरवळीवर आघात कमी बसतो, परंतु ती ओली असता घसरण्याचा संभव असतो. म्हणून तेथे पकड महत्त्वाची ठरते.

कृत्रिम धावपट्टीवर शर्यतीसाठी खिळ्यांचे बूट वापरतात. ऑलिंपिकमध्ये अशी धावपट्टी प्रथम १९६८ मध्ये मेक्सिको सिटी येथे वापरली गेली. तत्पूर्वीच्या राखेच्या वा मातीच्या पट्टीवर लांब खिळे लागत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कृत्रिम पट्टीवरील शर्यतींत खिळा ९ मिमी.पेक्षा लांब नसावा; अन्य पृष्ठभागांवर २५ मिमी.पर्यंतची लांबी चालते. १ नोव्हेंबर २०२४ पासून धावपट्टीवरील सर्व शर्यतींसाठी तळाची जाडी २० मिमी.पर्यंत मर्यादित असून रस्त्यावरील शर्यतींसाठी ती मर्यादा ४० मिमी. आहे. खिळ्यांच्या बुटांत टाचेखाली आधार थोडा असल्याने पोटऱ्यांवर ताण येतो. म्हणून रोजच्या लांब धावेसाठी ते वापरू नयेत.

काळ्या जमिनीवरील सराव : बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा व आसपासच्या परिसरासारख्या काळ्या मातीच्या भागात एकच वाट ऋतूनुसार पालटते. पावसाळ्यात चिकण चिखल तळाला थापून बूट जड होतो. अशा वेळी दूरदूर व खोल उंचवट्यांचा तळ उपयोगी पडतो, कारण त्यातून चिखल सहज निसटतो. उन्हाळ्यात तीच माती कडक होऊन भेगाळते. भेगेत पाय मुरगळू नये म्हणून फार उंच तळाऐवजी रुंद व स्थिर टाचेचा बूट तेव्हा बरा.

पोलीस भरतीत पुरुषांना १,६०० मी. व महिलांना ८०० मी. धाव पूर्ण करावी लागते. गावच्या वाटेवर सराव करणाऱ्या उमेदवारास दोन जोड परवडतातच असे नाही. एकच जोड घ्यावयाचा असल्यास तो चाचणीच्या मैदानापेक्षा रोजच्या सरावाच्या जमिनीस अनुरूप असावा. चाचणी काही मिनिटांची असते, तर सराव महिनोन्‌महिने चालतो. पुनःपुन्हा बसणाऱ्या आघातांमुळे होणाऱ्या नडगीच्या व गुडघ्याच्या दुखापती बहुधा सरावातच उद्भवतात. चाचणीपूर्वी काही दिवस मात्र त्याच बुटांनी तशाच पृष्ठभागावर धावून पहावे.

माप व टिकाऊपणा : धावल्यावर पाय किंचित सुजतो, म्हणून बूट सायंकाळी घालून पाहावेत व अंगठ्यापुढे सु. १ सेंमी. जागा ठेवावी. साधारणपणे ५०० ते ८०० किमी. धावेनंतर मधला तळ दबून आघात सोसण्याची त्याची क्षमता घटते. वरून बूट धड दिसला, तरी तेव्हा तो बदलणे इष्ट होय. नवा जोड चाचणीच्या वा शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नये.