ठाणे खाडीतील हिवाळी पक्षीनिरीक्षण

ठाणे खाडीतील हिवाळी पक्षीनिरीक्षण म्हणजे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांच्यामधील खाडीच्या काठी गटाने जाऊन स्थलांतरित पाणपक्षी पाहण्याचा व त्यांची नोंद करण्याचा उपक्रम होय. भांडुपची मिठागरे, शिवडीचा धक्का आणि ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ही त्याची परिचित ठिकाणे आहेत. हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असतो. रोहित अर्थात फ्लेमिंगो मात्र मे महिन्यापर्यंत रेंगाळतात. खाडीच्या काही भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आढळणारे पक्षी

छोटा व मोठा रोहित हे मुख्य आकर्षण असले, तरी केवळ त्यांच्यासाठी आलेला पाहुणा अर्धीच खाडी पाहून परततो. चिखलात चोच खुपसणारे पाणटिवळे, तुतारी व चिखल्या, लांब पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, तसेच कुरव, सुरय, थापट्या आणि तलवार बदक येथे दिसतात. यांपैकी अनेक पक्षी मध्य आशिया व सायबेरियातून येतात.

भरती-ओहोटी आणि सहलीची वेळ

रानातील पक्षीनिरीक्षण सूर्योदयावर ठरते, खाडीवरील भरतीवर. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, पक्षी त्यावर विखुरतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो व पक्षी अन्यत्र उडून जातात. पाणी चढत असताना किंवा नुकतेच उतरू लागले असताना ते काठालगतच्या अरुंद पट्ट्यावर दाटी करतात. निरीक्षणासाठी हीच वेळ उत्तम.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर तिचा ढोबळ अंदाज तिथीवरून बांधण्याची जुनी रीत आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. त्यानुसार चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा आणि द्वादशीस नऊ वाजता पाणी भरते. म्हणून द्वादशीच्या सकाळी सातला पोहोचलेल्या गटास चढते पाणी लाभते. चतुर्थीच्या सकाळी नऊला आलेल्यांसमोर मात्र बहुधा रिकामा चिखल असतो. रविवार सोयीचा म्हणून तिथी न पाहता आखलेल्या सहली फसतात त्या यामुळेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व पाण्याची चढउतार कमी राहते. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळाही भरतीवर अवलंबून असतात. त्यांसाठी छापील भरती-तक्ताच पाहावा.

प्रकाशाची दिशाही महत्त्वाची आहे. शिवडी व भांडुप पश्चिम काठावर असल्याने तेथे सकाळचे ऊन डोळ्यांवर येते व रोहितांचा गुलाबी रंग काळवंडतो. तेथे दुपारनंतरची भरती अधिक चांगली. ऐरोलीच्या बाजूस सकाळची.

लपण आणि गटाची शिस्त

पक्ष्यांना न दिसता बसण्यासाठी केलेल्या आडोशास लपण म्हणतात. उघड्या चिखलावर ते उभारणे अवघड असल्याने खाडीवर कांदळवनाची कड किंवा मिठागराचा बांध हेच लपणाचे काम करते. बांधावर ताठ उभे राहिल्यास माणसाची आकृती आकाशावर उमटते, त्यामुळे उताराच्या खालच्या बाजूस बसणे श्रेयस्कर. गटात एकाने मोजावे व दुसऱ्याने लिहावे अशी पद्धत आहे. मोठ्या थव्यात आधी शंभर पक्षी मोजून तेवढ्या आकाराचे किती गट थव्यात मावतात ते पाहतात. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही मोठ्या थव्यांसाठी असे अंदाज वापरले जातात.

भरतीकाळातील निवारे

चिखल बुडाल्यावर पक्ष्यांना काही तास टेकण्यासाठी उथळ पाण्याची मोकळी जागा लागते. मिठागरे आणि नवी मुंबईतील खाडीकाठची तळी ही गरज भागवतात. अशा तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली, तर ते कोरडे पडते किंवा त्यात गवत माजते आणि पक्षी येणे थांबते. संरक्षित चिखल शाबूत असूनही खाडी ओस पडू शकते ती अशी. निवाऱ्यातील थवा छायाचित्रासाठी उडवणे हेही अपायकारक आहे, कारण परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी प्रत्येक उड्डाणात खर्च होते. लहान तळ्यांवर पूर्वी किती पक्षी उतरत, याची नोंद पुष्कळदा अशा सहलींच्या वह्यांतच सापडते.