ओळख शब्दाची : कॉरुगेटेड

इंग्रजी शब्दांचे अर्थ तुम्ही वहीत लिहून पाठ करता ना? आजचा शब्द पाठ करायचा नाही, करून पाहायचा. शब्द आहे 'कॉरुगेटेड'. स्पेलिंगमध्ये 'आर' दोनदा, 'जी' एकदाच.

आधी भुवया जवळ आणा बघू! मधे उभ्या आठ्या पडल्या ना? त्या पाडणाऱ्या स्नायूचं नाव 'कॉरुगेटर'. लॅटिन भाषेत 'रूगा' म्हणजे सुरकुती. त्यातूनच हे दोन्ही शब्द आले. मात्र कुठल्याही खडबडीत वस्तूला कॉरुगेटेड म्हणू नका हं. पॉलिशपेपर खडबडीत खरा, पण त्याला 'रफ' म्हणायचं. एकाशेजारी एक, सारखे उंचवटे आणि पन्हळी असतील तरच कॉरुगेटेड. घराच्या छपरावरचा पन्हळी पत्रा म्हणजे 'कॉरुगेटेड शीट'.

पण सरळ पत्र्याला अशा सुरकुत्या पाडायच्या कशाला?

दोन पुस्तकं चार बोटांच्या अंतरावर ठेवा. वर वहीचा कोरा कागद ठेवून त्यावर खोडरबर ठेवा. कागद खाली वाकेल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या घाला. घड्या या पुस्तकापासून त्या पुस्तकापर्यंत जातील असा ठेवा. खोडरबर आरामात बसेल! कागद तोच, पण घड्यांमुळे त्याला उंची आली, म्हणून तो सहज वाकत नाही. आता घड्या आडव्या करून पाहा. सगळा डोलारा कोसळेल. म्हणजे हे बळ एकाच दिशेने मिळतं.

ही युक्ती लोखंडी पत्र्यासाठी वापरून लंडनच्या गोदीतले इंजिनियर हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली पेटंट घेतलं. पातळ, हलका पत्राही मोठं छप्पर पेलू लागला. पुढे १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी काचेच्या बाटल्या गुंडाळायला पन्हळी कागद वापरला.

आज पुठ्ठ्याचा खोका घरोघरी येतो. त्याची कापलेली कड पाहा. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद दिसेल. बहुतेक खोक्यांच्या बाजूंना या पन्हळी उभ्या असतात, म्हणून खोक्यावर खोका रचता येतो. तोच खोका आडवा ठेवला तर लवकर चेपतो. घर बदलताना आईबाबांना हे जरूर सांगा, काचेचं सामान वाचेल!

आता घरात आणि रस्त्यावर पाच कॉरुगेटेड वस्तू शोधा. प्रत्येकीच्या पन्हळी कुठल्या दिशेने आहेत आणि का, ते वहीत लिहा. मग हा शब्द विसरून दाखवा!