वर सडा, खाली मळा

कोकणातल्या राजापूर-लांजाकडच्या वाडीत पाखाडीच्या पायऱ्या उतरताना एक गोष्ट आधी डोळ्यांत भरते. सपाट जागेत घरच नाही. वर काळाकभिन्न कातळाचा सडा, मधल्या उतारावर जांभ्याच्या चिऱ्यांची घरं आणि खाली वहाळाच्या काठाने भाताचा मळा. मऊ माती मुळातच थोडी, ती भाताला सोडली आणि माणसांनी उतार खणून जोती बांधली. देशावरच्यासारखं एका वेशीआड दाटलेलं गाव इथे नाही. एका गावाच्या अनेक वाड्या, आणि मधे डोंगर नाहीतर वहाळ.

ही माती फार काळ कसणाऱ्याची नव्हती. पीक उभं राहिलं की खोताचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा, वाटा आधी. खोती रद्द करण्याचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. वाड्यांची नावंही जातींवरून पडली, पाणवठे वेगळे राहिले. जातिवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारने २०२० साली घेतला, तरी वाट विचारली की जुनंच नाव तोंडात येतं. वाडीच्या मायेबद्दल लिहिताना हे गाळणं मला खोटेपणाचं वाटतं.

माया आहे, ती पाण्यामुळे. मळ्यात पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं. मेरेला, म्हणजे खाचराच्या बांधाला, खेकड्याने बीळ पाडलं तर रात्रीत खाचर रिकामं होतं. म्हणून इरलं घेतलेला माणूस मेरेवरून वाकून चालतो, पाण्याचा बारीक भोवरा दिसला की चिखलाचा गोळा आत कोंबतो आणि टाचेने दाबतो. बीळ शेजाऱ्याच्या मेरेला असलं तरी दाबतो. लावणीला सावड असते: आज तुमच्या खाचरात सगळी जोतं, उद्या आमच्या.

पण वाडीतली माणसं नोकरीला मुंबईला गेली. मुंबईच्या पगारावर घरं उभी राहिली आणि मुंबईनेच ती बंद केली. १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून वरकस जमिनीत आंबा-काजू आला. त्याला रोजची माणसं लागत नाहीत. भाताला लागतात. वरचं एक खाचर ओस पडलं, मेर फुटली की पाणी वाट सोडतं आणि खालच्या कसणाऱ्याचं पीकही जातं.

शिमग्याला पालखी घरोघर येते, तेव्हा मुंबईचे चाकरमानी कुलपं काढतात. चार दिवस घरापुढचं प्रत्येक खळं सारवलेलं. मग मृग येतो, आणि इरलं घेऊन मेरेवर चालणारा एकटाच दिसतो. शेजाऱ्याच्या ओस खाचराचीही बिळं तोच दाबत असतो.