घूस आणि बँडिकूट : नामसाम्य व रक्षक पेशींचा भेद

बिलोलीहून कुंडलवाडीच्या दिशेने पुढे गेले, की मराठीबरोबर तेलुगूही कानी पडू लागते. शेताच्या बांधात आणि धान्याच्या कोठारात बिळे करणाऱ्या ज्या प्राण्यास आपण घूस म्हणतो, त्यास तेलुगू भाषक शेजारी ‘पंदिकोक्कु’ म्हणतो. ‘पंदि’ म्हणजे डुक्कर. ‘कोक्कु’ म्हणजे उंदीर. या शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी ‘बँडिकूट’ झाले आणि घुशीच्या प्रजातीस प्राणिशास्त्रात ‘बँडिकोटा’ हे नाव मिळाले. पुढे ऑस्ट्रेलियात गेलेल्या युरोपीयांना लांब मुस्कटाचा, जमीन उकरणारा एक लहान प्राणी आढळला, तेव्हा त्यांनी त्यासही तेच नाव देऊन टाकले. वस्तुतः हा प्राणी उंदराच्या कुळातला नव्हे. तो कांगारूप्रमाणे शिशुधान, म्हणजे पिलास पोटावरील पिशवीत वाढविणारा, सस्तन प्राणी आहे.

नामसाम्यामुळे विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. तथापि या दोन प्राण्यांची तुलना एका दृष्टीने फार उद्बोधक आहे. शरीराचे रोगांपासून रक्षण करणाऱ्या पेशी केव्हा व कोठे निर्माण होतात, या प्रश्नाकडे त्यांच्या साहाय्याने दोन निरनिराळ्या बाजूंनी पाहता येते.

घुशीची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची असते. पिलू जन्मतः आंधळे व केसरहित असले, तरी उंदराच्या कुळात यौवनलोपी ग्रंथीमध्ये लसीकापेशींची वस्ती जन्मापूर्वीच झालेली असते. उत्तरेकडील तपकिरी बँडिकूट, म्हणजे आयसूडॉन मॅक्रोरस, याची गर्भावस्था मात्र अवघी साडेबारा दिवसांची असते. जन्मलेले पिलू ग्रॅमच्या एक-पंचमांशाइतके भरते. त्याची यौवनलोपी ग्रंथी जन्मसमयी अविकसित असते. तीत लसीकापेशी दिसू लागतात त्या पिशवीतील वास्तव्यात. प्लीहा आणि लसीका ग्रंथी यांची रचनाही त्याच काळात पूर्ण होते. तोपर्यंत आईच्या दुधातून येणारी प्रतिपिंडे आणि अन्य जंतुनाशक द्रव्ये हाच पिलाचा मुख्य आधार होय.

यातच या प्राण्याचे प्रयोगशाळेतील महत्त्व आहे. १९६१ साली जॅक मिलर यांनी लंडन येथे नवजात उंदरांची यौवनलोपी ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ती पिले रोगास सहज बळी पडू लागली, आणि निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या त्या ग्रंथीचे कार्य उघड झाले. पण उंदराच्या बाबतीत जन्मापूर्वीच काही पेशी त्या ग्रंथीतून बाहेर पडलेल्या असू शकतात. त्यापूर्वीची अवस्था पाहावयाची, तर गर्भाशयात शिरावे लागते. शिशुधान प्राण्यात तीच अवस्था गर्भाशयाबाहेर, पिशवीत, दिवसागणिक पाहता येते. म्हणूनच १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत ओपॉसम व पुढे ऑस्ट्रेलियात क्वोक्का हे प्राणी या अभ्यासासाठी निवडले गेले.

बँडिकूटच्या पेशींचे आणखी एक वैशिष्ट्य १९६५ मध्ये हेमन व मार्टिन यांनी प्रसिद्ध केले. त्याच्या रक्तोत्पादक ऊतकांतील पेशींत एक लिंग-गुणसूत्र नाहीसे झालेले असते : मादीत दोन ‘एक्स’पैकी एक, नरात ‘वाय’. अर्थात केवळ रक्तातील श्वेतपेशींची गुणसूत्रे मोजून या प्राण्याचे लिंग ठरवू जाणारा संशोधक फसेल. एका ऊतकावरून सर्व शरीराविषयी अनुमान काढू नये, हा धडा याहून स्पष्टपणे क्वचितच मिळेल.

आता पद्धतीविषयी. रक्त विशिष्ट घनतेच्या द्रवावर ठेवून अपकेंद्री यंत्रात फिरविले असता श्वेतपेशींचा थर वेगळा करता येतो. या पेशींना घेवड्याच्या बीपासून काढलेले एक द्रव्य दिले, की ‘टी’ जातीच्या लसीकापेशी विभागू लागतात, आणि विभाजनाच्या प्रमाणावरून त्यांची कार्यक्षमता मोजली जाते. येथे दोन अडचणी उद्भवतात. पहिली तापमानाची. बहुतेक शिशुधान प्राण्यांचे शरीर-तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्यांच्या पेशी सवयीने ३७ अंशांवर ठेवल्यास मिळणारे उत्तर प्राण्याचे नसून उबवणी-पेटीचे असते. दुसरी अडचण ओळखीची. उंदीर व मानव यांच्या पेशी ओळखण्यासाठी बाजारात मिळणारी प्रतिपिंडे बहुधा शिशुधान पेशींस चिकटतच नाहीत. म्हणून पेशीच्या आतील ज्या प्रथिनांशांत कोट्यवधी वर्षांत फारसा बदल झालेला नाही, त्यांविरुद्धची प्रतिपिंडे वापरावी लागतात. ‘टी’ पेशींसाठी सीडी-३ आणि ‘बी’ पेशींसाठी सीडी-७९ ही प्रथिने यासाठी उपयोगी पडली आहेत.

प्रतिपिंड चिकटले नाही, याचा अर्थ पेशी नाही असा होत नाही. २००७ साली मोनोडेल्फिस डोमेस्टिका या लहान ओपॉसमचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. शिशुधान प्राण्यांतील हा पहिलाच. त्याच सुमारास या प्राण्यांत ‘टी’ पेशींचा एक निराळा ग्राहक आढळला. त्यास ‘म्यू’ हे नाव मिळाले. तो उंदरात किंवा मानवात नाही. उंदरासाठी तयार केलेल्या साधनांनीच शोध चालू राहिला असता, तर तो कधीही सापडला नसता.

घाईच्या अनुमानाचे दुसरे उदाहरण टास्मानियातील ‘डेव्हिल’ या शिशुधान प्राण्याचे. १९९६ मध्ये प्रथम दिसलेला त्याच्या मुखावरील अर्बुदरोग चाव्यावाटे एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जातो. परक्या पेशी शरीर स्वीकारते कसे? सर्व प्राणी जनुकीय दृष्ट्या जवळजवळ सारखे असल्यामुळे रक्षक पेशींना परकेपण जाणवत नाही, असे उत्तर २००७ मध्ये पुढे आले. २०१३ मध्ये दिसून आले, की अर्बुदपेशी आपल्या पृष्ठभागावरील ओळख पटविणारी प्रथिनेच दाखवीत नाहीत. म्हणजे दोष केवळ पाहणाऱ्याचा नव्हता. पाहिला जाणाराही लपत होता.

हा सर्व विचार आपल्या घुशीपर्यंत आणून सोडला पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, प्लेग संशोधन आयोगाने काम केले. प्लेगग्रस्त मुंबईतील उंदीर प्लेगमुक्त मद्रासच्या उंदरांपेक्षा या जंतूस अधिक दाद देत नाहीत, असे आयोगास आढळले. पुढे १९५९ मध्ये कॅव्हनॉ व रँडल यांनी या झुंजीचे पेशीगत स्वरूप दाखविले : पिसवेच्या थंड शरीरातून आलेला जंतू एका प्रकारच्या श्वेतपेशींत मरतो, पण बृहद्भक्षी पेशींत तगतो, आणि प्राण्याच्या उबेत कवच धारण करून बाहेर पडतो. येथेही तापमानच निर्णायक ठरते.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मेले, पिसवांचा उपद्रव वाढला, आणि त्यानंतर माणसांना गाठी आल्या. उंदीर पडणे ही गावकऱ्यांची जुनी सूचनाघंटा आहे. परंतु ज्या कृंतकांच्या पेशी जंतूस दाद देत नाहीत, ते मरत नाहीत. तेथे घंटा वाजत नाही. म्हणूनच मराठवाड्यातील घुशीच्या रक्षक पेशींचा अभ्यास केवळ पांडित्याचा विषय नाही.

असा अभ्यास हाती घेणाऱ्याने प्रथम प्राणिप्रयोगविषयक समितीची अनुमती घ्यावी. रानटी घूस लेप्टोस्पायरासारखे जंतू बाळगते, म्हणून तिला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. आणि उंदरासाठी बनविलेल्या प्रतिपिंडाने घुशीची पेशी ओळखली न गेल्यास, ‘पेशी नाही’ असे टिपणवहीत लिहिण्यापूर्वी बँडिकूटचे स्मरण करावे.