वाइनक्षेत्रांचे वर्गीकरण

द्राक्षमळे, त्यांची गावे अथवा वाइननिर्मिती करणाऱ्या मालमत्ता यांची गुणवत्तेनुसार केलेली व कायद्याने किंवा व्यापारी रूढीने मान्य झालेली श्रेणीवार मांडणी. वाइनची निवड, साठवण व वाढप यांतील तज्ञ सेवकास फ्रेंच भाषेतून आलेली ‘सोमेलिए’ ही संज्ञा आहे. या व्यवसायाच्या परीक्षांत हे वर्गीकरण हा अभ्यासाचा एक प्रमुख व अवघड भाग असतो. वाइनविषयक शिक्षण देणारी ‘वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट’ ही संस्था लंडन येथे १९६९ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी ‘मास्टर सोमेलिए’ ही परीक्षाही प्रथम घेण्यात आली. या परीक्षेचे सिद्धांत, चव आणि सेवा असे तीन भाग असून अंतिम पातळीवर सिद्धांताची परीक्षा तोंडी असते. चवीच्या परीक्षेत नाव न सांगता दिलेल्या वाइनचे वाण, प्रदेश व वर्ष उमेदवारास सांगावे लागते.

वर्गीकरणाच्या पद्धती देशोदेशी भिन्न आहेत. नेमके कशाचे वर्गीकरण झाले, ते कोणत्या आधारावर झाले आणि त्यात बदल होऊ शकतो काय, हे तीन प्रश्न प्रत्येक पद्धतीविषयी विचारल्यास नावांच्या याद्यांमागील तत्त्व ध्यानात येते. केवळ याद्या पाठ करणाऱ्याचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

बोर्दो : फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील या क्षेत्रात वर्गीकरण जमिनीचे नसून मालमत्तेचे (शातो) आहे. १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांकडून ही यादी करवून घेतली. अनेक वर्षे मिळत आलेला भाव हा तिचा आधार होता. तांबड्या वाइनचे पाच वर्ग करण्यात आले. त्यांतील एक मालमत्ता (ओ-ब्रियाँ) ग्राव भागातील असून बाकी सर्व मेदोक भागातील आहेत. या यादीत आज ६१ मालमत्ता असून वर्गांनुसार त्यांची संख्या अनुक्रमे ५, १४, १४, १० व १८ अशी आहे. सोतेर्न व बार्साक येथील गोड पांढऱ्या वाइनची यादी वेगळी असून तीत दीकेम ही मालमत्ता सर्वांत वरच्या वर्गात एकटीच आहे. मूताँ रॉथशील्ड या मालमत्तेस १९७३ मध्ये दुसऱ्यातून पहिल्या वर्गात बढती मिळाली, हा यादीतील सर्वांत गाजलेला बदल होय. मालकाने त्याच क्षेत्रातील नवा मळा विकत घेऊन मालमत्तेस जोडला, तरी तिचा वर्ग कायम राहतो. याउलट सँतेमिल्याँ येथील वर्गीकरण (१९५५) ठराविक काळाने नव्याने केले जाते व २०२२ मध्ये ते पुन्हा झाले. पोमरोल येथे वर्गीकरणच नाही, तथापि तेथील पेत्र्यूस ही वाइन जगातील अत्यंत महागड्या वाइनपैकी एक आहे.

बर्गंडी : येथे श्रेणी मळ्याची असते, मालकाची नसते. आपल्याकडील शेतांना ज्याप्रमाणे माळावरचे, ओढ्याकाठचे अशी नावे पडतात, त्याप्रमाणे येथील प्रत्येक तुकड्यास जुने नाव असून त्यास ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये या क्लिमांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. प्रादेशिक, गावाची, प्रम्ये क्रू व ग्रां क्रू अशा चार चढत्या श्रेणी आहेत. चुनखडीच्या उताराचा मधला पट्टा सर्वांत चांगला मानला जातो. माथ्यावर माती उथळ असते, पायथ्याशी ती भारी व ओलसर होते. मध्यभागी मात्र पाण्याचा निचरा व ऊन दोन्ही पुरेसे मिळतात. क्लो द वूझो हा सु. ५० हेक्टरांचा तटबंद मळा मध्ययुगात सिस्टर्शियन जोगींनी विकसित केला. राज्यक्रांतीत धर्मसंस्थेच्या जमिनी विकल्या गेल्या आणि पुढे वारसांतील समान वाटणीमुळे मळ्यांचे तुकडे होत गेले. आज या एकाच मळ्याचे सु. ८० मालक आहेत. श्रेणी सर्वांची एकच, परंतु उताराचा भाग व उत्पादकाचे कौशल्य भिन्न असल्याने त्यांच्या वाइनमध्ये मोठा फरक आढळतो.

जर्मनी : १९७१ च्या कायद्याने येथे काबिनेट, श्पेटलेसे, आउसलेसे इ. दर्जे द्राक्षरसातील नैसर्गिक साखरेवरून ठरविण्यात आले. २०२१ च्या सुधारणेने उगमस्थानास अधिक महत्त्व दिले आहे.

अध्ययनपद्धती : नावांपूर्वी नकाशा शिकणे हा या अभ्यासाचा उपयुक्त क्रम आहे. विद्यार्थी कोऱ्या कागदावर झिराँद खाडी काढून तिच्या डाव्या तीरावर उत्तरेकडून दक्षिणेकडे सँतेस्तेफ, पोयाक, सँ-झ्यूलियँ व मार्गो ही गावे मांडतो आणि त्यांत मालमत्ता भरतो. पहिल्या वर्गातील लाफीत, लातूर व मूताँ या तिन्ही पोयाकच्या आहेत, हे अशा नकाशावरून सहज ध्यानात राहते. त्यानंतर माती, वाण व चव यांचा संबंध जोडला जातो. मेदोकमधील खडीत काबर्ने सोव्हिन्याँ चांगला पिकतो. बर्गंडीच्या चुनखडीत तांबड्यासाठी पिनो न्वार व पांढऱ्यासाठी शार्दोने हे वाण लावतात.

महाराष्ट्र : चाकण येथे २००९ मध्ये फोल्क्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे मोटारींचे कारखाने सुरू झाले. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील अशा उद्योगांमुळे परदेशी तंत्रज्ञांची ये-जा वाढली, हॉटेले उभी राहिली आणि वाइन जाणणाऱ्या सेवकांना वाव मिळाला. हॉटेल-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात त्यांना प्रामुख्याने फ्रान्सची वर्गीकरणे शिकविली जातात. मात्र याच पट्ट्यातून जाणाऱ्या पुणे-नासिक मार्गावर, चाकणपासून सु. ४५ किमी. अंतरावर, नारायणगाव (ता. जुन्नर) आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात फेसाळ वाइनची निर्मिती सुरू होऊन ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. ती कंपनी पुढे टिकली नाही. नासिक येथील सुला या कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व त्यानंतर विंचूर (जि. नासिक) आणि पलूस (जि. सांगली) येथे वाइन उद्याने झाली.

येथील द्राक्षशेतीस युरोपीय पाठ जसाच्या तसा लागू पडत नाही. बोर्दो सु. ४५° उत्तर अक्षांशावर, तर नासिक सु. २०° वर आहे. थंडीत वेल पूर्ण सुप्तावस्थेत जात नसल्याने वर्षातून दोनदा छाटणी करतात : उन्हाळ्यात खरड छाटणी व पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी. युरोपात तोडणी शरदात होते, येथे ती साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये होते. जमीन बेसाल्टपासून बनलेली आहे.

‘नासिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक मानांकन आहे, परंतु ते उगम सांगते, प्रत ठरवीत नाही. मळानिहाय श्रेणी येथे अस्तित्वात नाहीत. बोर्दोच्या यादीमागे दलालांच्या दप्तरातील भाव होते, तर बर्गंडीच्या श्रेणीमागे पिढ्यान्‌पिढ्यांनी वेगवेगळ्या तुकड्यांची वेगवेगळी ठेवलेली वाइन होती. एका गावची द्राक्षे दुसऱ्या गावच्या द्राक्षांत मिसळली की अशी नोंद होऊ शकत नाही, आणि चांगल्या जमिनीचा लाभ त्या शेतकऱ्याच्या वा गावाच्या नावावर जमा होत नाही. म्हणून महाराष्ट्रातील वर्गीकरणाची पूर्वतयारी म्हणजे गावे व मळे यांची द्राक्षे वेगळी ठेवून त्यांची वाइन, हवामान व भाव यांची सलग नोंद करणे ही होय.