नेट गेलं तर दिवा लागतो का?

बाणेर-बालेवाडीकडच्या नव्या सोसायट्यांतून हल्ली मला फोन येतात ते ‘घर स्मार्ट करून द्या’ म्हणून. अर्थिंग नीट आहे का, गीझरला वेगळी एमसीबी आहे का, हे कोणी विचारत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये ‘गुड नाइट’ म्हटल्यावर पडदे सरकलेले पाहिलेले असतात, तेच हवं असतं. मी आधी बोर्ड उघडतो. स्मार्ट मॉड्यूल कायम जागं असतं. दिवा बंद असतानाही त्याला स्वतःपुरती थोडी वीज लागते, म्हणून फेजबरोबर न्यूट्रलची वायरही हवी. प्लग असलेल्या बोर्डात ती मिळते. नुसत्या दिव्या-पंख्याच्या जुन्या बोर्डात पुष्कळदा नसते, मग पाइपातून नवी वायर ओढा. कोथरूडच्या जुन्या इमारतींत हे काम करताना स्मार्टपणा राहतो बाजूला आणि छिन्नी-हातोडा हातात येतो.

वायरचं जमलं की मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो: इंटरनेट गेलं तरी मोबाइलवरून दिवा लागायला हवा, की नाही लागला तरी चालेल? लोक गोंधळतात. दिवा हॉलमध्ये, मोबाइल हॉलमध्ये, राउटर हॉलमध्ये. मग नेटचा संबंध काय? बाजारातल्या बऱ्याच स्वस्त मालात संबंध असतो. तुम्ही स्पीकरला ‘दिवा लाव’ म्हणता, तो आवाज स्पीकरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथे त्याचा हुकूम तयार होतो, तो दिव्याच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून परत तुमच्या हॉलमध्ये येतो. हे सगळं होतं चुटकीसरशी, पण वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर नोंद राहू शकते.

हुकूम घरातल्या घरात पोचवायची धडपड जुनी आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-१० नावाची पद्धत काढली. ती घरातल्या विजेच्याच तारेतून संदेश पाठवायची. वायरमन म्हणून मला तिचं कौतुक वाटतं. वेगळी वायर नको, काही नको. अडचण अशी की एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याकडेही संदेश पोचायचा. दोघांचं कोड-अक्षर एकच निघालं तर याने बटण दाबावं आणि त्याचा दिवा लागावा. पुढे रेडिओवर चालणाऱ्या झिग्बी आणि झेड-वेव्ह आल्या, वाय-फायवाले आले. प्रत्येकाची बोली वेगळी, कुणाकुणाचा हब, म्हणजे हुकूम वाटणारा मधला डबा, तोही वेगळा. एका कंपनीचा बल्ब दुसरीच्या ॲपला ओळख देईना.

प्लगचं असं होत नाही. तुमचा मिक्सर कोणाचाही असो, सॉकेट कोणाचंही असो, पिना बसतात, कारण त्यासाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे. स्मार्ट उपकरणांना असं मानक बराच काळ नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल आणि गूगल, एरवी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारे, झिग्बीवाल्यांच्या संघटनेबरोबर एकत्र बसले. त्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाच्या मानकाची पहिली आवृत्ती आली. मॅटरचं उपकरण वाय-फाय, इथरनेट किंवा थ्रेड नावाच्या कमी विजेच्या रेडिओ-जाळ्यावर बोलतं. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की अस्सल असल्याचं प्रमाणपत्र दाखवून ते घरात सामील होतं आणि एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांच्या ॲपमधून चालवता येतं. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर: हुकूम घरातल्या नेटवर्कवरच फिरतो, बाहेरच्या सर्व्हरला विचारत बसत नाही. आपल्या घरातला जीव की प्राण असलेला पंखा मात्र उशिरा आला. त्याला स्वतंत्र उपकरण म्हणून प्रमाणपत्र मिळायला २०२३ ची १.२ आवृत्ती यावी लागली.

सर्व्हरवर विसंबण्याचा दुसरा तोटा अमेरिकेतल्या लोकांनी भोगला. रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा हब बनवणारी कंपनी गूगलच्या छत्राखालच्या नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या हबची सेवा बंद केली. हब शाबूत, पण निरुपयोगी. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर तर कोणाला न सांगताच बंद झाले.

आता कळीची गोष्ट. खोक्यावर मॅटरचा शिक्का आहे म्हणजे आपली माहिती सुरक्षित, असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं आहे. उपकरणांनी आपापसांत कसं बोलावं आणि ते बोलणं कुलूपबंद कसं ठेवावं, एवढं मॅटर ठरवतं. कंपनीने आपल्या ॲपमध्ये कोणती नोंद ठेवावी, किती दिवस ठेवावी, हे मॅटरच्या अखत्यारीत नाही. साध्या बल्बचं ॲप लोकेशन मागतं तेव्हा मॅटर मधे पडत नाही.

नोंद म्हणजे काय, हे मला एका काकूंकडे कळलं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात, मुलगा सिएटलला. त्याच्या सांगण्यावरून मी चार खोल्यांत मॉड्यूल बसवली. महिन्याभराने त्यांनी बोलावलं. ॲपची हिस्ट्री उघडून पाहिली: १.४० बाथरूम चालू, १.४६ बंद, ३.०५ बाथरूम चालू, ४.५० बाथरूम, ५.१० किचन. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा मुलाकडे दुपार. तो हे सगळं ऑफिसात बसून पाहायचा आणि सकाळी फोन करायचा, ‘आई, तीनदा उठलीस, शुगर वाढली का?’ काकू मला म्हणाल्या, ‘डॉक्टरांना सांगत नाही एवढं त्याला कळतंय. बाथरूमचं तेवढं काढून टाका हो. हॉलचं राहू द्या, सकाळी मी उठले एवढं त्याला कळलं की पुरे.’ मी काढलं. मुलगा काळजीनेच विचारत होता, यात शंका नाही. पण ती यादी त्याच्या मोबाइलच्या आधी कंपनीच्या सर्व्हरवर जात होती, आणि त्या कंपनीशी काकूंची ओळखही नव्हती.

कॅमेऱ्याची तऱ्हा याहून वाईट. रिंग या कंपनीचे कर्मचारी ग्राहकांच्या शयनघरांतली चित्रणं पाहत होते, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती: कारखान्यातून येताना असलेले पासवर्ड लोक बदलतच नाहीत, तेच वापरून पाहायचे. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे सर्वांना एकच असणारे पासवर्ड कायद्याने बंद केले. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. आधी बसवलेल्यांचं काय, ते आपलं आपण पाहायचं. म्हणून मी बेडरूममध्ये कॅमेरा बसवत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही.

कामवाल्या मावशींवर नजर ठेवायला किचनमध्ये कॅमेरा हवा, हे मात्र दर दोन घरांआड ऐकू येतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कंपन्यांवर बंधनं घालतो, पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही. म्हणजे मावशींना विचारायची सक्ती या कायद्याने घरमालकावर नाही. मी कॅमेरा बसवताना त्यांच्यासमोरच बसवतो आणि कुठपर्यंत दिसतं ते मोबाइलवर त्यांनाही दाखवतो.

आयटीतली मुलं ‘होम असिस्टंट’ मागतात. हे फुकट सॉफ्टवेअर छोट्या कॉम्प्युटरवर घरातच चालतं, नोंदी घरातच राहतात. उत्तम आहे. पण तो मुलगा बंगळुरूला गेला की अपडेट कोण करणार? आई-बाबा मला फोन करतात.

आमच्या धंद्यातली एक सवयही सांगायला हवी. गिऱ्हाईक घाईत असतं, ओटीपी द्यायला मोबाइल सापडत नसतो, मग वायरमन स्वतःच्या नंबरवर खातं उघडून मोकळा होतो. त्या घराचं दार उघडणारं लॉक त्याच्या खिशात राहतं. फ्लॅट विकतानाही तेच. वीजमीटर नावावर होतो, गॅस नावावर होतो, सोसायटीची एनओसी येते. लॉकचं ॲप जुन्या मालकाकडेच. ताबा घ्याल तेव्हा प्रत्येक उपकरण फॅक्टरी रीसेट करा. बटण किती सेकंद दाबायचं ते कंपनीगणिक वेगळं, खोक्यातला कागद टाकून देऊ नका.

मी बिलाच्या मागे यादी लिहून देतो, कोणतं उपकरण कोणाच्या नंबरवर. त्याचे पैसे घेत नाही. पासवर्ड विसरलात म्हणून बोलावलंत तर मात्र व्हिजिट चार्ज लागेल.