पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत

घरातलं जुनं कपाट विकायचं म्हणून कुणीतरी ऑनलाइन जाहिरात टाकतं. थोड्याच वेळात फोन येतो. पलीकडचा माणूस लष्करात असल्याचं सांगतो, गणवेशातला फोटो पाठवतो, भावासाठी घासाघीस करत नाही. बदली झाली आहे, सामान न्यायला माणूस येईल, पैसे आत्ताच घ्या, असा त्याचा आग्रह असतो. मग एक क्यूआर कोड येतो. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील." पिन टाकला जातो आणि खात्यातून रक्कम वजा होते.

हा प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे आणि आजही माणसं त्यात सापडतात. यात बँकेची यंत्रणा कुणी भेदलेली नसते. व्यवहार खातेदाराने स्वतःच्या हाताने मंजूर केलेला असतो. म्हणूनच अशी फसवणूक रोखण्याची सगळ्यात भक्कम जागा म्हणजे पिन टाकण्याआधीचे काही क्षण.

पिन कशासाठी लागतो

राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, २०१६ मध्ये यूपीआय सुरू केलं. त्यात पिन लागतो तो पैसे देताना, खात्यातली शिल्लक पाहताना आणि दर महिन्याच्या हप्त्यासारख्या आपोआप होणाऱ्या कपातीला, म्हणजे ऑटोपेला, संमती देताना. पैसे घेणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. त्याने आपला मोबाइल क्रमांक, यूपीआय आयडी किंवा कोड द्यायचा, बस. स्कॅन करणं हे देणाऱ्याचं काम आहे. घेणाऱ्याला कुणी स्कॅन करायला सांगत असेल, तर तिथेच फोन ठेवावा.

पूर्वी कुणीही अनोळखी माणूस तुमच्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवू शकत असे. 'रिफंड' किंवा 'बक्षीस' असं लिहिलेली मागणी लोक घाईत मंजूर करत. एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय बंद केली. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या मागण्या मात्र सुरूच आहेत, कोड सुरूच आहेत आणि ऑटोपेची संमतीही. म्हणून पिनचा चौकोन समोर आला की त्याच्या वर लिहिलेली रक्कम आणि नाव दोन्ही वाचूनच बोटं पुढे न्यावीत.

दुकानदारांसाठी एक छोटी सूचना. ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पावत्या तयार करणारी अ‍ॅप आहेत. स्वतःचं खातं पाहा किंवा गल्ल्याजवळच्या स्पीकरवर रक्कम ऐकू येईपर्यंत थांबा.

घाई आणि भीती

महावितरणच्या ग्राहकांना येणारा तो मेसेज आता अनेकांना ठाऊक आहे. मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. नंबर मात्र कुणाचा तरी खासगी मोबाइल असतो. तिथे फोन लावला की 'अधिकारी' एखादं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि दहा रुपये भरून पाहायला सांगतो. रक्कम मुद्दाम छोटी असते. तुम्ही टाकत असलेली सगळी माहिती त्याला पलीकडे दिसत असते. महावितरणने अशा मेसेजना प्रतिसाद देऊ नका, असं वारंवार सांगितलं आहे.

या सगळ्या प्रकारांत वरचं आवरण तेवढं बदलतं. कधी केवायसी, कधी कुरिअर, कधी आरटीओचं चलन, कधी एखाद्या सरकारी योजनेचा हप्ता. आतली रचना तीच राहते. वेळ कमी आहे, नुकसान मोठं आहे आणि उपाय फक्त मी सांगतो तोच आहे. विचार करायला उसंतच मिळू द्यायची नाही, यावर सगळा डाव उभा असतो. फोन ठेवून तुमच्या बिलावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन केला, तर हा डाव मोडतो. गुगलवर शोधलेला ग्राहकसेवा क्रमांक मात्र वापरू नये, कारण ठग तिथेही आपले नंबर पेरून ठेवतात. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' असा वेगळा शेवट ठरवून दिला आहे. पत्ता टाइप करताना तो पाहून घ्यावा.

'डिजिटल अरेस्ट' नावाचा सापळा

भीतीचा सर्वांत क्रूर वापर इथे होतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असं सांगणारा फोन येतो. तो 'सीबीआय'कडे किंवा 'मुंबई पोलिसां'कडे जोडला जातो. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. कॅमेरा बंद करायचा नाही, खोली सोडायची नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. काही जणांना दिवसच्या दिवस असं अडकवून ठेवलं गेलं आहे. शेवटी सगळी बचत 'तपासणीसाठी' एका खात्यात हलवायला लावतात आणि निर्दोष ठरलात की ती परत मिळेल, असं आश्वासन देतात.

यात अडाणी माणसंच सापडतात, हा समज चुकीचा आहे. २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांच्याकडून अशाच रीतीने सुमारे ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती आणि तिथे सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस बसवला होता. पोलिसांत तक्रार झाल्यावर त्यातले सव्वापाच कोटी रुपये परत मिळवता आले.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकारच नाही. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि हे संरक्षण संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाने दिलं आहे. व्हिडिओ कॉलवर कोठडी होत नाही, तपासासाठी कुणाची बचत कुठल्या खात्यात मागवली जात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हा विषय घेतला होता. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

"कुणाला सांगू नका" हे वाक्य कानावर पडलं, की नेमकं तेव्हाच कुणाला तरी सांगायचं. शेजारी, मुलगी, सोसायटीचा वॉचमन, कुणीही चालेल. बाहेरच्या माणसाचा एक प्रश्न या भीतीला तडा द्यायला पुरेसा असतो.

एपीके फाइलला हात लावू नका

लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असतात. हे कागदपत्र नसतं, अ‍ॅप असतं. एकदा ते फोनमध्ये बसलं आणि मागेल त्या परवानग्या मिळाल्या, की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीही, परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून विश्वास ठेवू नये. त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असेल, तर फाइल त्याच्या नावानेच येणार. चुकून उघडलीच तर लगेच इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा.

मोठी रक्कम पाठवताना

घराचा बयाणा, कॉलेजची फी, कंत्राटदाराची उचल अशा रकमा आपण एनईएफटीने किंवा आरटीजीएसने पाठवतो. बऱ्याच जणांना माहीत नसतं की, या व्यवहारात पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर; नाव जुळवून पाहिलं जात नसे. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" असा निरोप आला आणि नाव बरोबर दिसलं, की पैसे भलत्याच खात्यात जात. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व संबंधित बँकांना, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय देण्यास सांगितलं. ती सोय वापरावी. खाते क्रमांक बदलल्याचा निरोप आला तर त्या माणसाला जुन्याच नंबरवर फोन करून आवाज ऐकावा. नव्या खात्यात आधी थोडी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करून घेण्यात काही कमीपणा नाही.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी आहे. यूपीआयला बचतीचं मुख्य खातं जोडू नये. वेगळं खातं उघडून त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवावेत आणि बँकेच्या अ‍ॅपमधून दिवसाची मर्यादा कमी करून घ्यावी. निवृत्त आईवडिलांच्या बाबतीत तर हे करायलाच हवं. आयुष्याची पुंजी फोनच्या एका टोकाला बांधून ठेवायची गरज नाही.

'चुकून तुमच्याकडे पैसे आले'

अनोळखी माणूस फोन करून सांगतो की चुकून तुमच्या नंबरवर पैसे गेले, कृपा करून परत पाठवा, दवाखान्याचे आहेत. पुष्कळदा पैसे आलेलेच नसतात, आलेला असतो फक्त बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा मेसेज. आणि खरंच आले असतील, तर ते कुणा तिसऱ्याला फसवून आणलेले असू शकतात. तुम्ही 'परत' पाठवले की त्या साखळीत तुमचं नाव येतं. खातं स्वतः उघडून पाहा. पैसे असतील तर त्यांना हात न लावता बँकेला लेखी कळवा आणि समोरच्याला त्याच्या बँकेकडे तक्रार करायला सांगा.

खातं भाड्याने देणं तर याहून वाईट. फसवणुकीतला पैसा फिरवायला ठगांना इतरांची खाती लागतात. विद्यार्थ्यांना, बेरोजगार मुलांना काही हजारांच्या मोबदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागितलं जातं. पोलीस माग काढतात तेव्हा पहिल्यांदा त्या मुलाच्या दारात पोहोचतात. कॉलेजात शिकणारं कुणी घरात असेल तर हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

पैसे गेले तर पहिला तास

१९३० हा क्रमांक लावायचा. केंद्रीय गृहमंत्रालयाची ही यंत्रणा २०२१ पासून चालू आहे. तिच्यात पोलीस, बँका आणि वॉलेट कंपन्या एकमेकांशी जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत पोहोचले तिला सूचना जाते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती रोखून ठेवली जाते. पुढे गेली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. ठग पैसे अनेक खात्यांत विखरून एटीएममधून काढून घेतात, त्यामुळे एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

फोन लावताना रक्कम, वेळ, आपलं खातं, समोरचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयमध्ये हा क्रमांक १२ अंकी असतो आणि अ‍ॅपमधल्या त्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. लाइन व्यस्त लागली तर थांबू नका. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा, त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याला बँकेला फोन करायला सांगा. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या. चॅट, फोन नंबर, मेसेज काहीही पुसू नका. रोखलेली रक्कम परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो, तेव्हा ही कागदपत्रंच उपयोगी पडतात.

यानंतर काही दिवसांत आणखी एक फोन येऊ शकतो. "तुमचे पैसे सापडले आहेत, प्रक्रियेची फी भरा." ही दुसरी फसवणूक असते. १९३० किंवा पोलीस पैसे परत करण्यासाठी फी मागत नाहीत.

बँक कधी भरून देते

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी आखून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीही भार नाही. चूक दोघांचीही नसेल, यंत्रणेत दुसरीकडेच दोष असेल आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही भार शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर सर्वसाधारण बचत खात्यासाठी कमाल १०,००० रुपयांचा भार. त्यानंतर बँकेचं धोरण लागू होतं. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

हे नियम विनापरवानगी झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. फसून का होईना, तुम्ही स्वतः पिन टाकलात की बँक तो व्यवहार तुमच्या संमतीचा मानते आणि इथेच बहुतेक पीडितांची निराशा होते. तरीही लेखी तक्रार करावीच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनामूल्य दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

घरातल्यांना एक विनंती

फसलेला माणूस बऱ्याचदा पहिले काही तास गप्प बसतो. मुलगा ओरडेल, नवरा बोलेल, लोक हसतील, या धास्तीने तो कुणालाच सांगत नाही आणि तेवढ्या वेळात पैसे हाताबाहेर जातात. ठगांना या शरमेचा फायदाच होतो. आईने, आजोबांनी, शाळकरी मुलाने येऊन सांगितलं, की कसं फसलात हे विचारत बसू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि आधी १९३० लावून द्या.